आमची वाटचाल: नळ बसतो, पण गळतो का?

२०१४ ला आम्ही दोघांनी नोकरी सोडली तेव्हा ऑफिस म्हणजे कर्वेनगरमधला एक वन बीएचके, हॉलमध्ये दोन टेबलं आणि राउटर किचनच्या ओट्यावर, कारण रेंज तिथूनच नीट यायची. शॉप अॅक्टच्या फॉर्मवर धंद्याचं स्वरूप काय लिहायचं यावर अर्धा तास घातला आणि शेवटी "सॉफ्टवेअर टेस्टिंग" लिहून मोकळे झालो.

मामांचं हार्डवेअरचं दुकान आहे. त्यांना सांगितलं की अॅमेझॉनने २००६ च्या मार्चमध्ये एस-थ्री काढलं, म्हणजे नेटवरचं गोदामच, त्यात माल ठेवायची-काढायची एक ठरलेली पद्धत असते तिला एपीआय म्हणतात, आणि आता बाकीचे पण गोदामं बांधून म्हणतायत की आमची पद्धत सेम टू सेम, तुमचा प्रोग्रॅम आहे तसा घेऊन या, तर ते खरंच सेम आहे का हे आम्ही बघून देतो. मामा म्हणाले, "म्हणजे नळाचे आटे. अर्ध्या इंचीचा कुठलाही बसतो रे, पण गळतो का ते पाणी सोडल्यावर कळतं." आमचं ब्रोशर इतकं सोपं आजपर्यंत झालेलं नाही.

पहिलं गिऱ्हाईक एक होस्टिंगवाले. त्यांचं म्हणणं, "अहो, फाइल चढते, उतरते, अजून काय टेस्ट करणार?" आम्ही पण तेच केलं, चढव, उतरव, पुसून टाक, यादी माग, अशा चाळीसेक टेस्ट, सगळ्या हिरव्या, रिपोर्ट दिला, पैसे आले, पार्टनरने पेढे आणले. मग २०१६ च्या जूनमध्ये एडब्ल्यूएसचं, म्हणजे अॅमेझॉनच्या क्लाउडचं, मुंबई रीजन (इथली डेटा सेंटर्स) सुरू झालं. तिथे रिक्वेस्टवरची सही, म्हणजे मागणारा कोण याची डिजिटल खूण, फक्त नव्या पद्धतीची चालते, सिग्नेचर व्हर्जन फोर, जुनी टू नाही. लोकांनी मुंबईसाठी कोड फोरने लिहिला, तोच या होस्टिंगवाल्यांकडे लावला की ४०३, म्हणजे प्रवेश नाही, कारण त्यांना टूच यायची. आणि आमच्या चाळीसच्या चाळीस टेस्ट टूने लिहिलेल्या! ते चिडले ते बरोबरच होतं, आम्ही तो प्रश्न विचारलाच नव्हता.

तिथून आमची लाइन बदलली. सगळं नीट चाललंय तेव्हा सगळेच सारखे दिसतात हो, मुद्दाम चूक केली की मग फरक कळतो. नसलेली फाइल डिलीट कर म्हटलं तर एस-थ्री शांतपणे २०४ देतं, म्हणजे झालं काम, पण काही ठिकाणी ४०४, म्हणजे फाइल सापडली नाही, येतो आणि बिचारा प्रोग्रॅम रात्रभर तेच ते पुन्हा करत बसतो. घड्याळ १५ मिनिटांपेक्षा जास्त चुकवून रिक्वेस्ट पाठवायची, तुकड्यातुकड्याने अपलोड करताना मधलाच एक तुकडा ५ एमबीपेक्षा छोटा द्यायचा, असले उद्योग. सेफ या ओपन सोर्स स्टोरेजवाल्यांनी पायथनमध्ये लिहिलेल्या एस-थ्री टेस्ट आहेत, त्या आम्ही पाया म्हणून घेतल्या आणि वरचे मजले आमचे चढवले.

एका दिवाळीत आमच्याच टेस्ट अर्धवट अपलोड सोडून मेल्या. असे तुकडे साध्या यादीत दिसत नाहीत, बिलात मात्र दिसतात, सुट्टीवरून आल्यावर दिसले. मग असे अपलोड आपोआप पुसायचा नियम प्रत्येक बकेटवर, म्हणजे गोदामातल्या प्रत्येक कप्प्यावर, लावला आणि त्यातूनच एक नवीन टेस्ट निघाली, कारण हा नियम हसत घेऊन पुढे काहीच न करणारी स्टोअर्स आम्हाला भेटली. नियमात एका दिवसापेक्षा कमी लिहिता येत नाही म्हणून ही एक टेस्ट दोन दिवस चालते.

१ डिसेंबर २०२० ला तर मूळ मापच बदललं. तोपर्यंत एस-थ्रीवर फाइल बदलल्यावर थोडा वेळ जुनीच मिळायची शक्यता असायची, त्यासाठी आमच्या टेस्टमध्ये जागोजागी "थांब दोन सेकंद" लिहिलेलं. त्या दिवशी अॅमेझॉनने जाहीर केलं की आता लिहिलं की लगेच दिसणार, सगळ्या रीजनमध्ये. म्हणजे आदल्या दिवशी जे स्टोअर कंपॅटिबल होतं ते दुसऱ्या दिवशी, स्वतः काही न करता, नापास. आम्ही ते "थांब" काढायला बसलो, दीड आठवडा गेला.

पण मला सगळ्यात लक्षात राहिलेली केस म्हणजे "शेतकऱ्यांची यादी". एका पतसंस्थेचे स्कॅन एका स्टोअरवरून दुसऱ्यावर न्यायचे होते, सगळं गेलं, एरर एकही नाही आणि मोजल्या तर तीन फाइल कमी. आमच्याकडची टेस्टिंगची मुलगी दोन दिवस त्यावर बसली. तर झालं असं की आपला हा ऱ्या तीन तऱ्हांनी टाइप होतो, एक म्हणजे ऱ हे एकच अक्षर, दुसरा म्हणजे साधा र आणि खाली नुक्ता, तिसरा म्हणजे र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर तिन्ही सारखे. एस-थ्रीला दिसण्याशी घेणंदेणं नाही, ते बाइट बघतं, म्हणून तिथे या तीन वेगळ्या फाइल. नवीन स्टोअर मात्र नावं आतल्या आत नॉर्मलाइज करत होतं, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या तऱ्हा एका साच्यात बसवत होतं, त्यामुळे पहिल्या दोन तऱ्हा एक झाल्या आणि नंतर आलेल्या फाइलने आधीचीवर आपलं बूड टेकवलं. असं तीन नावांच्या बाबतीत झालेलं. जुनं स्टोअर अजून पुसलं नव्हतं म्हणून वाचलो. इंग्रजीत लिहिलेल्या तयार टेस्टमध्ये हे सापडायचा प्रश्नच नव्हता. तेव्हापासून आमच्या सूटमध्ये मराठी नावांचा वेगळा गठ्ठा आहे, त्यात लांबीची टेस्ट पण आहे, कारण नावाची मर्यादा १०२४ बाइट आणि देवनागरीचं एकेक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट खातं, म्हणजे ३४१ ला खेळ खल्लास. सरकारी विषयांची नावं बघितलीत तर हे फार नाही.

२०२५ च्या जानेवारीत बोटो-थ्रीचं, म्हणजे पायथनमधून एस-थ्रीशी बोलायच्या अॅमेझॉनच्या लायब्ररीचं, १.३६ आलं, त्यात अपलोडबरोबर चेकसम, म्हणजे फाइल धड पोचली का ते ताडायचा आकडा, आपोआप जायला लागला, आणि ज्या स्टोअरना तो कळत नव्हता त्यांच्या गिऱ्हाइकांचे फोन आम्हाला. चूक तशी कोणाचीच नाही, बंद करायची सेटिंग पण दिलेली आहे. आम्ही त्या आठवड्यात जेवण ऑफिसमध्येच मागवलं.

आता आम्ही सहा जण आहोत, वारज्यात गाळा घेतलाय, भाड्याने. रिपोर्टमध्ये टक्के देणं मात्र बंद केलं. आधी आम्ही "९६ टक्के कंपॅटिबल" असं लिहायचो आणि लोक तेच वेबसाइटवर मोठ्या अक्षरात टाकायचे, उरलेल्या चार टक्क्यात डिलीट होतं की नाही तेच असायचं. आता पहिल्या पानावर काय जुळत नाही त्याची यादी. गेल्या वर्षी एक मोठं काम यावरून गेलं, त्यांना शंभर टक्क्यांचं सर्टिफिकेट हवं होतं, फ्रेम करून लावायला. पार्टनर आठवडाभर माझ्याशी नीट बोलला नाही. मग त्याच लोकांचा एक इंजिनियर संध्याकाळी फोन करून म्हणाला, सर, सर्टिफिकेट राहू द्या, ती न जुळणाऱ्यांची यादी तेवढी मेल करता का.

केली. बिल लावलं नाही, हे पार्टनरला अजून माहीत नाही.