राखेची गाडी

रविवार, रात्र

आम्ही दुरुस्त करत असलेल्या जुन्या कचरागाडीच्या चाकांवर आज धाव, म्हणजे बाहेरची लोखंडी पट्टी, चढली. लोहाराने लोखंडी कडं आगीत लाल होईपर्यंत तापवलं, सांडशांनी उचलून चाकावर बसवलं आणि लगेच पाणी ओतलं. लोखंड निवताना आवळतं. सैल झालेले आरे तुंब्यात, म्हणजे चाकाच्या मधल्या लाकडी ठोकळ्यात, पक्के रुततात, घेराचे लाकडी तुकडे एकमेकांना भिडतात. सांधे मिटतानाचा तो करकर आवाज ऐकून अंगावर काटा आला.

गाडी घोड्याची, घरोघरचा कचरा नेणारी. लाकडी खोका, आतून जस्ताचा पत्रा, वर झाकणं. झाकणं राखेसाठी. कोळशावर जगणाऱ्या शहरांत एकोणिसाव्या शतकात घरचा कचरा म्हणजे बहुतेक राखच असे, आणि उघड्या गाडीतून ती वाऱ्यावर उडे. लंडनमध्ये या राखेला भाव होता. कचऱ्याच्या आवारात ती चाळत. बारीक राख विटांच्या मातीत मिसळत, अर्धवट जळलेला कोळसा विटा भाजायला वापरत. चाळण्या हातात घेऊन उभ्या असत त्या मुख्यतः बायका. दिवसभर ती धूळ त्यांच्या छातीत जात असणार.

पॅरिसमध्ये 1884 पासून यूजीन पूबेल या प्रशासकाने घरमालकांवर झाकणाचे डबे ठेवण्याची सक्ती केली. कुजणारा कचरा, कागद आणि चिंध्या, काच आणि शिंपले असे वेगवेगळे डबे त्याने मागितले होते. शहराचं भलं झालं, पण रस्त्यावरच्या ढिगातून चिंध्या वेचून पोट भरणाऱ्यांचा घास हिरावला जाणार होता. त्यांनी कडाडून विरोध केला, आणि मला तो पूर्णपणे रास्त वाटतो. न्यूयॉर्कमध्ये 1895 पासून जॉर्ज वेअरिंगने सफाई कामगारांना पांढरा गणवेश दिला, राख आणि उष्टंखरकटं वेगळं उचलायला लावलं.

मला मात्र सगळ्यात जास्त बोलते ती खोक्याची उंची. भरलेला डबा कामगाराला त्या कडेपर्यंत उचलावा लागे, आणि राखेचा डबा हलका नसतो. चाकं मोठी असली की घोड्याला ओढायला सोपं, पण त्यावरचा खोका उंच जातो. म्हणजे घोड्याची सोय ती माणसाच्या पाठीची गैरसोय. इंग्लंडमध्ये 1923 साली शेल्व्होक आणि ड्र्यूरी यांची मोटारगाडी आली. लहान चाकं आणि बुटका सांगाडा हीच तिची खरी मोठी गोष्ट. पुढे घरातल्या शेगड्या गेल्या, राख कमी झाली, पुठ्ठा आणि वेष्टनं वाढली. कचरा वजनाला हलका झाला, पण जागा खाऊ लागला. म्हणून तो दाबून भरणाऱ्या गाड्या आल्या.

आमच्या गाडीची वरची कड एका बाजूला झिजून खोलगट झाली आहे. डबे तिथेच टेकवून उलटे केले जात. सुतार म्हणतो, ती फळी बदलू, रंग एकसारखा बसेल. मी नाही म्हटलं. तळाच्या कुजलेल्या फळ्या खुशाल बदलाव्यात, गंजलेला पत्राही काढावा. पण ही कड ज्यांच्या हातांनी झिजली त्यांची नावं कुठल्याच दप्तरात नाहीत. तिथे रंगही देणार नाही, नुसतं जवसाचं तेल. बराच वाद झाला, शेवटी त्याने मानलं.

आता बिजागऱ्या घासून काढायच्या, आसाला वंगण द्यायचं आणि तळासाठी वाळलेलं लाकूड शोधायचं.