दिघी ते हर्णै: बधिर पायांसाठी एक फेरी

बाणकोट-हर्णैचा हा पट्टा मिशनच्या कामाला नवा नाही. 1823 मध्ये स्कॉटिश मिशनरी इथेच येऊन राहिले. 1829 मध्ये मुंबईत आलेले जॉन विल्सन मराठी शिकायला हर्णैलाच गेले. कुष्ठरोग होऊन गेलेल्यांचे पाय सांभाळण्यासाठी आमच्या चर्चची तुकडी नोव्हेंबरअखेर याच वाटेने गेली. पुढे जाणाऱ्यांसाठी हे टिपण.

भातकापणी आटोपल्याशिवाय निघू नका. त्याआधी घरी कोणी सापडत नाही. गाडी आगरदांडा-दिघी आणि बागमांडला-वेश्वी या दोन फेरीबोटींवर चढवली की खाड्यांचे वळसे वाचतात. शेवटची बोट कितीला सुटते ते सकाळीच जेट्टीवर विचारून ठेवा. हर्णै बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव असतो, म्हणून कोळीवाड्यातली घरं सकाळी उरका.

आधी प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना भेटा आणि आशाताईंना सोबत घ्या. बॅनर अजिबात नको. मांडव घालून शिबिर भरवलं तर ज्याच्यासाठी आलो तोच येत नाही, कारण वाडीला कळेल ही धास्ती असते. मागीलदारी, पडवीत बसूनच काम करावं.

वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं की बोटं रोगाने झडत नाहीत. पायाला इजा कळत नाही आणि माणूस त्याच जखमेवर चालत राहतो, म्हणून ती जातात. कोकणात तर जांभ्याचे खडे पावलोपावली. म्हणून पहिलं काम पाय बघण्याचं: तळवा, बोटांच्या बेचक्या, टाच. त्यांना स्वतःला बघता यावं म्हणून घरटी एक आरसा द्या.

मग पाय साध्या पाण्यात 20 ते 30 मिनिटं बुडवून ठेवायचे. पाणी कढत नको. बधिर पाय भाजला तरी कळत नाही, आणि थंडीच्या दिवसांत घरची माणसं मायेने हीच चूक करतात. भिजून मऊ झालेला घट्टा वज्रीने हलके घासावा, ब्लेड लावू नये. पाय ओला असतानाच खोबरेल चोळावं, म्हणजे ओल आत टिकते आणि भेगा पडत नाहीत. बेचक्या मात्र कोरड्या करा. उघडी जखम असेल तर हे सगळं सोडून स्वच्छ पट्टी बांधा आणि पायाला विश्रांती द्या. चालणं थांबलं नाही तर कुठलंच मलम लागू पडत नाही.

चपला एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ) रबराच्या हव्यात: आत मऊ, खाली टणक तळ, मागे पट्टा. खिळा एकही नको, कारण वर आलेला खिळा पायाला कळणार नाही. माप माणूस उभा असताना, पेन्सिल सरळ धरून कागदावर घ्या. बसून घेतलेलं माप हमखास लहान येतं. दोन्ही पायांचं वेगळं घ्या. नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तासच घालायला सांगा आणि काढल्यावर लाल वळ उठलाय का बघा. ही पाहणी होईपर्यंत वाडी सोडू नका.

उपचार चालू असलेल्यांना औषधाबद्दल नीट समजावून सांगा. कुष्ठरोगावरचा बहुविध औषधोपचार (एमडीटी, अनेक औषधं एकत्र) सरकारी केंद्रात मोफत मिळतो. त्यातल्या रिफाम्पिसिनने लघवी लाल होते, क्लोफॅझिमिनने कातडी काळवंडते. काहींच्या गोळ्या या काळवंडण्यामुळेच सुटतात. औषध संपल्यावर काही महिन्यांत रंग निवळतो, हे पहिल्याच भेटीत सांगा. चट्टे अचानक लाल होऊन सुजले, कोपराशी कळ आली किंवा बोटांतला जोर गेला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. उशीर झाला तर नस कायमची जाते.

येशूने शिष्यांचे पाय धुतले, तेच मनात धरून आपण जातो. पण चप्पल आणि प्रार्थना यांची सांगड घालू नका. प्रार्थना कोणी मागितली तरच, त्याच्या घरात, हळू आवाजात. पुढची फेरी महिन्याभराच्या आत ठरवा आणि तारीख आशाताईंच्या वहीत लिहूनच निघा.