तुम्ही विचारलंत म्हणून: ‘तिथे नीट बघतात ना?’

लग्नात, दहाव्याला, जळगावच्या बसस्थानकावर, कुठेही ओळखीचं कुणी भेटलं की हा प्रश्न येतोच. माझा धाकटा भाऊ चाळिशीला टेकलाय. सेरेब्रल पाल्सीमुळे त्याला चालता येत नाही आणि बोलतो तेही चार-पाच शब्द, सगळे अहिराणी. आई गेली, अण्णांचे गुडघे गेले, तेव्हापासून तो तालुक्याच्या गावी दहा-बारा जणांच्या एका निवासी घरात राहतो. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांना खरं तर ‘घरी का नाही ठेवलं?’ असं म्हणायचं असतं. त्यांना मी ‘हो, बघतात’ म्हणते आणि चहा सांगते. उरलेल्यांच्या घरीही असंच कुणीतरी असतं. हे त्यांच्यासाठी.

तिथे गेलात की भिंतीचा रंग आणि देणगीदारांची पाटी दाखवतील. ती बघून झाली की जेवणाच्या वेळेपर्यंत थांबा. गिळायला त्रास असलेल्या माणसाला आडवं ठेवून किंवा मान मागे टाकून भरवलं, तर घास श्वासनलिकेत जातो आणि वरचेवर न्यूमोनिया होतो. त्याला ताठ बसवायचं, हनुवटी जराशी खाली, चमचा लहान, आणि आधीचा घास पोटात गेल्याशिवाय पुढचा नाही. जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. एका माणसाला असं भरवायला अर्धा-पाऊण तास सहज जातो. भरवायचे पाच जण आणि मावशी एकच असेल, तर घाई होणार हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको. घाईच्या घरात सगळ्यांपुढे वरण-भाताचा एकच लगदा येतो. आमच्या इथल्या मावशी हिवाळ्यात भरीत झालं की भावाच्या वाटचं वेगळं काढतात, त्यातले शेंगदाणे आणि मिरचीचे तुकडे निवडतात आणि मग कळण्याची भाकरी दुधात भिजवून त्याला देतात. तो तोंड फिरवतो तेव्हा चमचा खाली ठेवतात. माझ्या लेखी हे शेवटचं सगळ्यात मोठं. ज्या घरात त्याचं ‘नको’ चालतं, तिथे बाकीचंही बहुतेक चालतं.

मग रात्रीचं विचारा. रात्री जागं कोण असतं? स्वतः कूस बदलता येत नाही त्याला साधारण दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर माकडहाडावर आणि टाचांवर आधी लाल डाग पडतो आणि पुढे जखम होते. ती भरायला महिने घेते. फिटच्या गोळ्या संपायच्या किती दिवस आधी आणतात, हेही विचारा. त्या अचानक बंद झाल्या तर फिट लागोपाठ येतात आणि जिवावर बेतू शकतं.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळा सांगायला नको. पारा पंचेचाळीसला गेला की धडधाकट माणूस माठाकडे धावतो, पण ज्याला तहान सांगता येत नाही त्याला ठरलेल्या वेळी कुणीतरी पाणी पाजावं लागतं. मनोविकारावरच्या काही औषधांनी घामही कमी येतो, अशांना ऊन लवकर लागतं. औषधांचा विषय निघालाच आहे म्हणून: पूर्वीच्या एका ठिकाणी भाऊ भिंतीवर डोकं आपटायला लागला, तेव्हा ‘शांत राहण्याची’ गोळी सुरू करू म्हणाले. मी त्याला दाताच्या डॉक्टरकडे नेलं. दाढ किडली होती. कुठली गोळी चालू आहे, कुणी लिहून दिली, शेवटची कधी तपासली, याचं उत्तर लेखी नसेल तर मी तिथे माणूस ठेवणार नाही.

कागदांचं थोडक्यात. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली संस्थेची नोंदणी लागते, प्रमाणपत्र मागा. आणि मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक किंवा बहुविकलांगता असेल तर 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. तो आई-वडील हिंडते-फिरते असतानाच करा.

आता ज्याबद्दल कुणी विचारत नाही ते: मावशींचा पगार. कापूस वेचणीचा हंगाम लागला की शेतात रोज जास्त पडतो आणि माणसं सोडून जातात. नवीन माणसाला भावाचं ‘माले नको’ कळायलाच महिना लागतो. त्यामुळे जुन्या मावशी किती वर्षं टिकून आहेत, हे मी संस्थाचालकांच्या भाषणापेक्षा जास्त मानते.

तर, नीट बघतात का? जेवण, औषधं, रात्र, हो. दुपारी नाही. बारा ते चार सगळ्यांना टीव्हीसमोर बसवतात, बघणारा एखादाच. बाहेर न्यायला माणूस नाही, असं तिथल्या ताई म्हणतात. मी म्हणते, बाजूच्या केळीच्या बागेपर्यंत खुर्ची ढकलायला एक पोरगा पुरे, त्याचे पैसे आम्ही घरचे मिळून देऊ. उन्हाळ्यात संध्याकाळी, एरवी दुपारी. पुढच्या पालकसभेत हेच पुन्हा काढणार आहे. दोन घरं पैसे द्यायला तयार आहेत, तिसरं अजून विचार करतंय.