तुम्ही विचारलंत म्हणून: गिटारची केबल मी का सोडली

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात गणेशोत्सवात आमच्या वाद्यवृंदाचे कार्यक्रम होतात आणि कार्यक्रम आटोपला की कोणीतरी तरुण वादक जवळ येऊन विचारतोच, "दादा, वायरलेस लावल्यावर गिटारचा आवाज बदलत नाही का?" वायरलेस म्हणजे केबलऐवजी गिटारचा सिग्नल रेडिओ लहरींनी पाठवणारा ट्रान्समीटर आणि तो घेणारा रिसीव्हर. आवाज बदलतो. मात्र मी केबल सोडली ती वेगळ्याच कारणाने.

खानापूर तालुक्यातल्या एका गावी, पावसाने ओल्या झालेल्या मंडपात, गाता गाता माझे ओठ माइकला लागले आणि जोराचा शॉक बसला. माझा अ‍ॅम्प्लिफायर शेजारच्या घरातून ओढलेल्या लाइनवर होता, मिक्सर (सगळ्या माइक-वाद्यांचे आवाज एकत्र करणारे यंत्र) जनरेटरवर, आणि दोन्हींचे अर्थिंग वेगळे होते. गिटारच्या तारा केबलमधून अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात, माइकची जाळी मिक्सरच्या. त्या दोहोंत व्होल्टेजचा फरक असला की वीज तारांवरच्या हातातून ओठांकडे वाट काढते. वायरलेसचा ट्रान्समीटर स्वतःच्या बॅटरीवर चालतो आणि गिटारपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत तार उरत नाही, त्यामुळे ही वाट तुटते. तरीही अर्थिंग तपासायलाच हवे, कारण एक हात माइकला आणि दुसरा अ‍ॅम्प्लिफायरला लागला तर धोका तेवढाच राहतो.

आता आवाजाविषयी. केबलला स्वतःचा कपॅसिटन्स (विजेचा भार साठवण्याची क्षमता) असतो, साधारण मीटरमागे 100 पिकोफॅरड. 6 मीटरच्या केबलमुळे साध्या पिकअपच्या (तारांची कंपने विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा गिटारवरचा भाग) आवाजातला वरचा तीक्ष्ण भाग थोडा दबतो आणि आपल्या कानाला त्याचीच सवय झालेली असते. वायरलेसवर तो भाग मोकळा होतो व गिटार एकदम उजळ, काहींना टोचरी वाटते. मी टोन किंचित कमी केला आणि दोन-तीन कार्यक्रमांत कान रुळले. डिजिटल संचात काही मिलिसेकंदांचा उशीर होतो हे खरे, परंतु अ‍ॅम्प्लिफायरपासून 3 मीटर दूर उभे राहिले तरी आवाज पोचायला सुमारे 9 मिलिसेकंद लागतातच.

मला खरी अडचण आली ती गर्दीची. माझा संच 2.4 गिगाहर्ट्झवर चालतो. वायफाय आणि ब्लूटूथही तिथेच, आणि माणसाच्या शरीरातले पाणी या लहरी शोषून घेते. सायंकाळी रिकाम्या मैदानात साउंड चेक निर्दोष झाला, रात्री मैदान भरल्यावर मात्र ऐन गाण्यात आवाज तुटू लागला, कारण रिसीव्हर प्रेक्षकांच्या पलीकडे मिक्सरपाशी ठेवला होता. तेव्हापासून तो मी रंगमंचावरच, माझ्यापासून चार-पाच पावलांवर, छातीच्या उंचीला आणि मध्ये कोणी उभे राहणार नाही असा ठेवतो.

बसून, माइकशिवाय वाजवणाऱ्याला मी हा खर्च करायला सांगत नाही. गात गात वाजवणाऱ्याने जरूर करावा, आणि जुनी केबल गुंडाळून अ‍ॅम्प्लिफायरमागे ठेवावी. ट्रान्समीटरची बॅटरी संपली तर त्या केबलवरच गाणे पुरे करावे लागते.