हँडब्रेक हलवला, दोनदा

मागच्या महिन्यात सीट कायमच्या बसवल्या, हार्नेस (सीटचे पट्टे) आवळला आणि बसल्या बसल्या गिअर टाकून पाहिले. पहिला ठीक, तिसरा ठीक. दुसरा टाकायला हात मागे घेतला आणि बोटांची हाडं थेट हँडब्रेकच्या मुठीवर आपटली. चौथ्यालाही तेच. रिकाम्या चेसिसमध्ये खोक्यावर बसून मापं घेतली होती, तेव्हा हे कळलंच नव्हतं.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: लोटस सेव्हन या जुन्या हलक्या, उघड्या स्पोर्ट्स कारच्या धाटणीची दोन सीटची गाडी मी कॉव्हेंट्रीत घरच्या गॅरेजात बांधतोय. चेसिस २५ मिमी चौकोनी पाइपची, पाइपची जाडी १.६ मिमी. इंजिन, गिअरबॉक्स, मागचे कॅलिपर (चाकाच्या डिस्कवर पॅड दाबणारे ब्रेकचे भाग) आणि हँडब्रेक एका जुन्या माझदा एमएक्स-५ मधून काढलेले.

जुन्या सेव्हनमध्ये हँडब्रेक डॅशबोर्डखाली, शेजारच्या माणसाच्या पायांपाशी असायचा. दिसायला मला तो फार आवडतो, पण हार्नेस आवळल्यावर तिथे हात पोचत नाही. हायड्रॉलिक हँडब्रेक लाव, असंही एकाने सुचवलं. इथे ब्रिटनमध्ये पार्किंग ब्रेक यांत्रिक पद्धतीनेच धरून राहायला हवा, म्हणून तो विचार तिथेच सोडला. दाब उतरला की गाडी सुटते, त्यामुळे हा नियम मला पटतोही.

मग पहिला प्रयत्न. हँडब्रेकचा दांडा टनेलच्या (दोन सीटच्या मधल्या उंचवट्याच्या) वरून काढून डाव्या भिंतीला, थोडा पुढे आणि खाली लावला. पाइपला आडवं भोक पाडलं, त्यात आतून बाही घालून वेल्ड केली, कारण एवढ्या पातळ पाइपवर नुसता बोल्ट आवळला तर पाइप चेपतो. केबल बाजूने टनेलमध्ये शिरवायला दोन वळणं द्यावी लागली, आणि ती पाइपला घासू नये म्हणून दांड्याचा खालचा हात लांब केला. ओढून पाहिलं तर तिसऱ्याच खटक्याला दांडा घट्ट. मला वाटलं, झालं काम. फोटोसुद्धा काढले.

गाडी घरासमोरच्या उतारावर घेतली, चाकांमागे चार बोटं अंतर ठेवून लाकडी ठोकळे ठेवले, गिअर न्यूट्रल केला. गाडी अगदी सावकाश सरकत ठोकळ्यांना टेकली.

संध्याकाळी कोल्हापूरला काकांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांचं आयुष्य गॅरेजात गेलंय. टनेलमधून मोबाइल फिरवला तर दोन मिनिटांत म्हणाले, "केबलला दोन वळणं दिलीस की रं! जोर तिथंच मरतोय. आणि ह्यो हात लांब कुणी करायला सांगितला तुला?"

रात्री कागदावर मांडलं. मूळ दांड्यात खिळीपासून (जिच्याभोवती दांडा फिरतो) मुठीचा मध्य २६० मिमी आणि केबल ४० मिमीवर, म्हणजे साडेसहा पट. मुठीवर २० किलो ओढलं की केबलवर १३० किलो. मी केबल ५५ मिमीवर नेली, तिथे उरले ९५. वर दोन वळणं मिळून साधारण ९० अंश. घर्षणांक ०.१५ धरला तरी पाचवा हिस्सा वळणातच जातो. शेवटी कॅलिपरपर्यंत जेमतेम ७५. दांडा तिसऱ्या खटक्याला घट्ट लागत होता तोही याचमुळे: हात लांब, म्हणून एका खटक्यात केबल जास्त खेचली जाते, पण जोर कमी. हाताला घट्ट लागणं आणि ब्रेक धरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला आता कळलं.

दुसऱ्यांदा जे केलं ते खरं तर पहिल्यांदाच करायला हवं होतं. मधली आडवी पाइप कापावी लागेल म्हणून मी टाळत होतो. दांडा पुन्हा टनेलच्या वर, पण मूळ जागेपासून १२० मिमी मागे, मूळचाच ४० मिमीचा हात ठेवून. दोन्ही चाकांना सारखा ताण वाटणारी पट्टी आणि केबलच्या बाहेरच्या आवरणाचा टेकू, दोन्ही तेवढेच मागे नेले. आडवी पाइप कापून खाली घेतली आणि तिच्या कोपऱ्यांना ३ मिमी पत्र्याचे त्रिकोण मारले. आता दांड्यापासून पट्टीपर्यंत केबल सुतासारखी सरळ जाते. खाली प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) फिरतो, त्याच्यापासून सर्वांत जवळच्या जागी २२ मिमी अंतर आहे.

मागच्या केबल आता १२० मिमी जास्त भरल्या. त्यांना मोठा, सैल बाक दिला आणि चाकं पूर्ण खाली लोंबकळू देऊन पाहिलं. उजवीकडची ड्राइव्हशाफ्टच्या रबरी बूटला हलकी टेकत होती. तिला चेसिसवर एक क्लिप दिली. हे जॅक काढण्याआधी तपासा, गाडी जमिनीवर असताना हा दोष दिसत नाही.

एमएक्स-५ वाल्यांनी केबल ताणण्याआधी कॅलिपर जुळवावा. कॅलिपरच्या मागचा बोल्ट काढला की आत अ‍ॅलनचा (षटकोनी खाचेचा) स्क्रू आहे. तो पॅड डिस्कला लागेपर्यंत आवळायचा आणि एक तृतीयांश फेरा सोडायचा. हे न करता नुसती केबल ताणली तर पॅड कायम घासत राहतात. माझा दांडा आता सहाव्या खटक्याला बसतो. पाच ते सात हवेत.

काल पुन्हा उतारावर. एक मीटरची लेव्हलपट्टी आडवी धरून खालच्या टोकाला टेप लावली: १७ सेंमी, म्हणजे १७ टक्के चढ. एमओटीला (इथल्या वार्षिक वाहन तपासणीला) पार्किंग ब्रेकचा जोर गाडीच्या वजनाच्या निदान १६ टक्के लागतो. मी आणि बायको दोघं आत बसलो, न्यूट्रल केला, पाय पेडलवरून उचलला. गाडी हलली नाही. दहा मिनिटं बसून राहिलो, ती शेजारच्या सीटवर चहा पीत होती. ठोकळ्यांचं चार बोटं अंतर तसंच होतं.

दुसरा गिअर आता मोकळा पडतो. टनेलवरचं जुनं भोक पत्रा वेल्ड करून बुजवायचंय. हँडब्रेकच्या दिव्याची वायर १२० मिमी कमी पडतेय, ती शनिवारी वाढवतो.