पौंडाचे रुपये करून भागत नाही

ठाण्यातल्या एका ट्रस्टची फाइल वाशीला, उपचारांच्या खर्चाचे हिशेब तपासणाऱ्या आमच्या ऑफिसात आली, तेव्हा त्यांचा निर्णय जवळपास झालाच होता. किडनी निकामी झालेल्यांनी घरच्या घरी करायचं पेरिटोनियल डायलिसिस (पोटात नळीने द्रावण भरून रक्त शुद्ध करणं) हे हॉस्पिटलातल्या हीमोडायलिसिसपेक्षा (यंत्रातून रक्त फिरवून शुद्ध करणं) स्वस्त, असा एक ब्रिटिश अभ्यास त्यांच्या हाती लागला होता. पौंडाचे रुपये करून बचतही काढली होती. आमचा फक्त शिक्का हवा होता.

मी आधी तुलना कशाशी केलीय ते बघते. तिकडे हीमोडायलिसिस आठवड्यातून तीनदा, वर्षाला १५६ वेळा. ट्रस्टच्या रजिस्टरात बहुतेक रुग्ण दोनदाच येणारे, म्हणजे १०४ वेळा. वाचणार म्हणून धरलेल्या खर्चाचा तिसरा हिस्सा इथे मुळात होतच नाही. आणि दोनदावाल्यांची तब्येत तीनदावाल्यांसारखी राहील असं धरता येत नाही, त्यामुळे परिणामाचे आकडेही तसेच उचलता येईनात.

मग दर. तिकडे नर्सचा तास महाग आणि त्यामानाने द्रावणाची पिशवी स्वस्त. आपल्याकडे नेमकं उलटं. एकाच विनिमय दराने दोन्हींना गुणलं की हा फरक गडप होतो. क्रयशक्ती समतेचा, म्हणजे दोन देशांतली एकूण महागाई जुळवून काढलेला दर लावला तरी तेच. म्हणून रकमा सोडायच्या आणि नग उचलायचे: दिवसाला दोन लिटरच्या चार पिशव्या, नर्सचे तास, पेरिटोनायटिससाठी (पोटाच्या आतल्या आवरणाचा संसर्ग) भरतीचे दिवस. त्यांवर इथले दर चढवायचे. वितरकाचं कोटेशन घातलं आणि बचतीच्या जागी जादा खर्च दिसू लागला. डिस्काउंट रेट (पुढच्या वर्षांतला खर्च आजच्या किमतीत आणायचा दर) ३.५ चा ३ टक्के केला, त्याने फारसं काही हललं नाही.

ट्रस्टच्या समाजसेविकेचा प्रश्न मात्र हिशेबाच्या कुठल्याच मॉडेलमध्ये नव्हता. महिन्याला १२० पिशव्या, २४० लिटर. "मॅडम, कळव्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत खोके ठेवले तर माणसं झोपणार कुठे?" पावसाळ्यात खोके ओलावतात, ते वेगळंच.

पण मुरबाडचा रुग्ण घेतला की पारडं फिरतं. एसटीने कल्याण, पुढे लोकल, सोबत एक माणूस, दोघांचा रोज बुडालेला. ब्रिटिश अभ्यासात फक्त सरकारी आरोग्यसेवेचा खर्च होता. रुग्णाच्या खिशातला हा पैसा त्यात नव्हताच. तो धरल्यावर लांबून येणाऱ्या आणि घरी कोरडी, स्वच्छ जागा असलेल्यांसाठी पेरिटोनियल परवडतं.

ट्रस्टला एका ओळीचं उत्तर हवं होतं. आम्ही अंतरानुसार दोन तक्ते दिले. कोटेशन मार्चअखेरपर्यंतचं आहे. पिशवीचा दर बदलला की दोन्ही पुन्हा चालवावे लागतील.