उतरत्या उन्हाळ्याचं एक तासाचं मिक्स, तबकड्यांवरून

अमेरिकेतला उन्हाळा ऑगस्टअखेरीस उतरू लागतो. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे झाला की तो संपल्यात जमा. त्या दिवसांसाठी सोल, डिस्को आणि सॉफ्ट रॉकचं ६० मिनिटांचं मिक्स मी दोन टर्नटेबलांवरून रेकॉर्ड केलं. गाणी निवडायला वेळ लागला नाही. लागला तो लय जुळवायला.

ही गाणी बहुतेक ड्रमरनं हातानं वाजवलेली आहेत. कोरसला लय किंचित चढते, कडव्यात पुन्हा बसते. सॉफ्टवेअर दाखवतं तो बीपीएम (मिनिटाला किती ठोके) सरासरीचा, त्यावर विसंबलं की दहाव्या-बाराव्या बारला (चार ठोक्यांचा एक बार) ठोके फाटतात. म्हणून प्रत्येक गाण्याचे ठोके दोनदा मोजले, सुरुवातीचे ३० सेकंद आणि शेवटचे ३० सेकंद, आणि दुप्पट केले. जाणाऱ्या गाण्याचा शेवटचा आकडा येणाऱ्याच्या पहिल्या आकड्याशी जुळवायचा.

सुरुवात मायकेल मॅकडॉनल्डच्या 'आय कीप फर्गेटिन' (१९८२) नं केली, सुमारे ९६ बीपीएम. त्याला बिल विदर्सचं 'लव्हली डे' (१९७७), सुमारे ९८. पिच, म्हणजे तबकडी फिरण्याचा वेग, २ टक्के सरकवला की काम होतं. 'लव्हली डे'च्या शेवटाकडे विदर्सनं १८ सेकंद एकच सूर धरलाय. त्यावर दुसरं गाणं चढवू नये असं माझं ठाम मत आहे.

पुढे शीकचं 'गुड टाइम्स' (१९७९), सुमारे १११. फरक १३ टक्क्यांचा. टर्नटेबलचा पिच साधारण ८ टक्क्यांपर्यंतच जातो, आणि ६ टक्क्यांवर सूर अर्धा स्वर सरकतो, गाणाऱ्याचा आवाज ओळखू येईनासा होतो. ३ टक्क्यांपुढे मी जात नाही. इथे जुळवाजुळव सोडली, आधीचं गाणं विरू दिलं आणि 'गुड टाइम्स' थेट पहिल्या ठोक्यापासून लावलं.

सगळ्यात छान जोडी बॉझ स्कॅग्जचं 'लोडाउन' (१९७६) आणि स्टीली डॅनचं 'पेग' (१९७७). दोन्ही ११७च्या आसपास, आणि दोन्ही आपापल्या एलपीच्या दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं, म्हणजे बाहेरच्या रुंद घेऱ्यात, जिथे आवाज सर्वांत स्वच्छ. आतल्या घेऱ्यांत सुईखालून खाचा कमी वेगानं सरकतात आणि 'स' फुटू लागतो. तरीही दोन्ही ८ बारांपेक्षा जास्त एकत्र ठेवली नाहीत. येणाऱ्याचा बेस (खालचे जाड सूर) पूर्ण कापलेला, चौथ्या बारच्या समेवर दोन्हींच्या बेसची अदलाबदल. दोन बेस एकत्र वाजले की सगळी गिचमिड होते.

'पेग'मध्ये मागे गाणारा आवाज मॅकडॉनल्डचाच. म्हणून शेवट डूबी ब्रदर्सच्या 'व्हॉट अ फूल बिलीव्ह्ज'नं केला, तिथे तो पुढे येतो. ते सुमारे १२१, 'पेग' १.७ टक्के वर, हे १.७ टक्के खाली, दोन्ही ११९ वर भेटतात.

आवाजाची पातळी कोरसवर लावावी, सुरुवातीच्या शांत वाद्यांवर नाही. एका बाजूला २०-२५ मिनिटं कोंबलेली एलपी कमी आवाजात कापलेली असते, ४५च्या वेगाची बारा इंची तबकडी बऱ्याच मोठ्या आवाजात. रेकॉर्डिंगच्या मीटरवर सर्वांत वरचा ठोका -६ डेसिबलला, म्हणजे कमाल पातळीच्या ६ डेसिबल खाली, थांबला पाहिजे. सलग घूं ऐकू आली तर आधी टर्नटेबलची अर्थिंगची तार मिक्सरला घट्ट आहे का पाहा, मग बाकी वायरी.